घसरण्याचा अभ्यास

मराठी विभागातील दोन अध्यापकांनी, पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर, व्हिडिओ गेममधली मोटार घसरवण्याचे शिक्षण घ्यावे आणि वर त्यावर लेख लिहावा, ही गोष्ट आमच्या सहकाऱ्यांना फारशी शोभनीय वाटलेली नाही. स्टाफरूममध्ये आमच्याकडे पाहून जी स्मिते फाकली, त्यांतली निम्मी कीव करणारी होती. कवितेच्या आस्वादावर लिहिण्यासारखे सर्व काही लिहून संपले काय, असेही एकाने विचारले. संपलेले नाही. परंतु कवितेच्या आस्वादावर लिहिताना जे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे टाळत आलो, ते या खेळाने आमच्यापुढे अशा रीतीने उभे केले की टाळणे शक्य राहिले नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात मात्र मुळीच वैचारिक नव्हती. आमच्यापैकी एकाचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याची एम-थ्रीची केटी आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्याच्या घरात हे दोन शब्द कोणत्या आवाजात उच्चारले जातात ते ठाऊक असलेल्यांना अधिक सांगायला नको. वडिलांनी केले ते बहुतेक वडील करतात. खेळाचा कंट्रोलर काढून घेतला आणि कपाटात, स्वतःच्या पीएचडीच्या प्रबंधाच्या बांधीव प्रतींखाली ठेवून दिला. तिथे कुणी हात लावणार नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती खरी ठरली. मुलगा बोलेनासा झाला. पेपर पुन्हा राहिला. म्हणजे कंट्रोलर गेला, संभाषण गेले, आणि गणित होते तिथेच राहिले. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी कंट्रोलर बाहेर काढला, त्याच्या हातात दिला आणि विचारले, ‘‘यात असते तरी काय?’’ त्या दिवशी फराळाला आमच्यातला दुसराही तिथे होता. मुलगा म्हणाला, ‘‘बसा. बघा.’’

खेळाचे नाव ग्रॅन टुरिस्मो. पॉलिफोनी डिजिटल या जपानी संस्थेची ही मालिका 1997 मध्ये सुरू झाली. आमच्यासमोर होता तो तिचा सातवा भाग, 2022चा. शर्यतीचा खेळ म्हणजे कुणाला तरी मागे टाकायचे, एवढी आमची समजूत. हा मुलगा मात्र त्सुकुबाच्या सर्किटवर एकटाच होता. जपानच्या इबाराकी प्रांतातले हे सर्किट जेमतेम दोन किलोमीटरांचे. त्यावरच्या एकाच वळणावर तो पुन्हा पुन्हा गाडी आडवी करत होता. धूर निघत होता, गाडीचे तोंड एकीकडे आणि गाडी जात होती दुसरीकडे. ‘‘यात जिंकायचे कुणाला?’’ ‘‘कुणालाच नाही.’’ ‘‘मग हे वेगाने जाण्यासाठी आहे?’’ ‘‘नाही. असे केल्याने उलट वेळ जास्त लागतो.’’

हे उत्तर ऐकून आम्ही दोघेही सावरून बसलो. जिंकणे नाही, वेळेची बचत नाही, आणि तरीही वीस वर्षांचा मुलगा एका वळणासाठी तास घालवतो, याला आमच्या विषयात काही एक नाव आहे.

ड्रिफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे भाग आहे. टायरची पकड मर्यादित असते. तिच्यातली काही गाडीला पुढे ढकलण्यात किंवा थांबवण्यात खर्च होते, काही वळवण्यात. दोन्हींची मागणी एकदम फार झाली की टायर सुटतो. पुढची चाके सुटली तर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाते. मागची सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ती स्वतःभोवती फिरू लागते. सामान्य चालकाच्या दृष्टीने इथे अपघात सुरू झालेला असतो. ड्रिफ्ट करणारा या जागेवर मुद्दाम येतो, आणि इथेच राहतो. मागचा भाग ज्या दिशेला सरकला त्या दिशेला पुढची चाके वळवायची, म्हणजे वळण उजवे असले तरी स्टेअरिंग डावीकडे, आणि मागच्या चाकांना ऍक्सिलरेटरने इतकेच बळ द्यायचे की ती सुटलेलीच राहतील पण गाडी गरगरणार नाही. बळ जास्त झाले तर गिरकी. एकदम काढून घेतले तर टायर अचानक पकड घेतात आणि गाडी विरुद्ध दिशेला फटकारली जाते. या दोहोंच्या मधला पट्टा फार अरुंद आहे.

हे तंत्र जपानी डांबरी सर्किटांवर नावारूपाला आणण्याचे श्रेय सहसा कुनिमित्सु ताकाहाशी यांना दिले जाते. ते मूळचे मोटारसायकलस्वार. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीत जागतिक ग्रांप्री शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी. पुढल्याच वर्षी आइल ऑफ मॅनवर जबर अपघात झाला आणि कालांतराने ते मोटारींकडे वळले. सत्तरच्या दशकात वळणात शिरतानाच गाडी सरकवून, तशीच सरकत ती बाहेर काढण्याची त्यांची रीत प्रेक्षकांना वेड लावून गेली. ती पाहून झपाटलेल्या तरुणांपैकी एक केइची त्सुचिया. त्यांनी ती डोंगरातल्या घाटरस्त्यांवर, रात्री, बेकायदा घोटवली, आणि 1987च्या ‘प्लस्पी’ या चित्रफितीमुळे ते घरोघरी पोहोचले. त्यांची गाडी टोयोटाची एई-86. जपानीत नुसते ‘हाचि-रोकु’, म्हणजे आठ-सहा. 1983 ते 87 या काळात निघालेली, 1600 सीसीची, वजनाला हलकी आणि मागच्या चाकांनी चालणारी साधी मोटार. ताकद फारशी नाही, म्हणून ती निव्वळ जोरावर घसरत नाही. तिचा भार पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुलवून तिला सरकवावे लागते. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा 1995 ते 2013 अशी अठरा वर्षे चालली. तिचा नायक याच गाडीतून पहाटे घाट उतरून टोफू पोहोचवतो आणि गाडीत ठेवलेल्या पेल्यातले पाणी सांडू द्यायचे नाही अशी त्याला वडिलांची ताकीद असते. वडील मुलाला काय शिकवतात आणि कसे, याविषयी त्या पेल्यात पुष्कळ काही आहे. असो.

आमच्यातल्या ज्या वडिलांनी कंट्रोलर परत दिला होता, त्यांनीच प्रथम तो हाती घेतला. गाडी अर्थात हाचि-रोकु. मुलाने आधी गाडीला सांभाळणारी सगळी साहाय्ये बंद केली: चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, गिरकी आवरणारी यंत्रणा, उलट स्टेअरिंग स्वतःच देणारी मदत. ‘‘ही चालू असली तर छान वाटेल, पण काही कळणार नाही.’’ उजव्या तर्जनीखाली ऍक्सिलरेटर, डावीखाली ब्रेक, डाव्या अंगठ्याखाली स्टेअरिंग. पहिल्या वळणावर गिरकी. दुसऱ्या वेळी गिरकी. आमच्यातल्या दुसऱ्याने हसून कंट्रोलर घेतला आणि तो सरळ जाऊन वाळूत रुतला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून किती गिरक्या घेतल्या त्याची मोजदाद ठेवलेली नाही. त्या संध्याकाळी एकही वाक्य असे ऐकायला मिळाले नाही जे चूक होण्याच्या आधी आले. हे आमच्या ध्यानात उशिरा आले. मुलगा गप्प बसून राही. गाडी फिरली की मगच बोले, आणि एकच गोष्ट बोले. ‘‘बाबा, तुम्ही गाडीच्या नाकाकडे बघताय. जायचंय तिकडे बघा.’’ मग पाच-सात प्रयत्न शांतता. ‘‘काका, ऍक्सिलरेटर पूर्ण सोडू नका. थोडा ठेवा.’’ पुन्हा शांतता. तिसऱ्या दिवशी गिरक्या थांबल्या आणि नवा रोग जडला. उलट स्टेअरिंग देता येऊ लागले, पण परत घेता येईना, त्यामुळे गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे अशी फटकारे खाऊ लागली. यावर त्याने जे सांगितले ते आम्हांला पाठ आहे: ‘‘द्यायला शिकलात. आता सोडायला शिका.’’ कधी सोडायचे, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते, ‘‘ते येतं.’’

‘ते येतं’ या उत्तराने कुणाही पदव्युत्तर मनुष्याचा संताप व्हावा. परंतु मायकेल पोलान्यी हा रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञ 1958च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात हेच सांगून गेला आहे, आणि दाखला सायकलचा देतो. सायकलस्वार ज्या बाजूला कलंडू लागतो त्याच बाजूला हँडल वळवतो आणि त्यामुळे सावरतो. हा नियम गणिताने नेमका मांडता येतो. पण सायकल येणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक झाल्याने सायकल येत नाही. आमच्यातल्या एकाने पोलान्यी एम.ए.च्या वर्गात शिकवला आहे. सायकलचे उदाहरण फळ्यावर आकृती काढून समजावले आहे. डांबरावर आडवी झालेली हाचि-रोकु अडीच सेकंद का होईना सावरून धरली, तेव्हा कुठे ते उदाहरण त्याला समजले. इतकी वर्षे काय समजावले, ते आता विचारू नये.

मम्मटाने काव्याच्या निर्मितीला शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तिघे कारण सांगितले, आणि हे तिघे मिळून एकच कारण होते असे बजावले. पैकी अभ्यास म्हणजे नुसती घोकंपट्टी नव्हे. काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीनुसार पुन्हा पुन्हा केलेली कृती. आम्ही हे प्रश्न क्रमांक दोनच्या उत्तरासाठी शिकवतो. विद्यार्थी ‘काव्यहेतू’ पाठ करतो, तिन्ही हेतू लिहितो, आठ गुण घेतो. त्याने स्वतः दोन ओळी रचल्या का, त्या बिघडल्या का, बिघडल्यावर शेजारी बसून एकच गोष्ट सांगणारे कुणी होते का, हे प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात कुठेच बसत नाहीत. आम्ही उलट क्रमाने चालतो. आधी नियम, मग नोट्स, मग आदर्श उत्तर. आणि चूक आलीच तर ती शेवटी, मार्चमध्ये, तीन तासांत, पुन्हा करून पाहण्याची सोय नसताना. एम-थ्रीचा पेपर दोनदा देणारा मुलगा त्या एका वळणावर हजारदा चुकला होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. त्याच्या दोन्ही शिक्षणांतला फरक त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आम्हांला होती.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो आलाही, की खेळात पुन्हा सुरुवात करण्याचे बटण असते म्हणून हे सारे शक्य होते. आयुष्यात ते नसते. आक्षेप बरोबर आहे. पण मग वर्ग कशासाठी असतो? आयुष्यात नसलेले ते बटण जिथे ठेवता येईल अशी जागा म्हणूनच माणसाने शाळा, तालीम, आखाडा, रियाज निर्माण केले असावेत. आम्ही वर्गातूनही ते काढून टाकले, आणि ते प्लेस्टेशनमध्ये सापडले म्हणून मुलांवर रागावतो.

खेळाची भलामण करणे हा आमचा हेतू नाही. या खेळात गाड्या घेण्यासाठी लागणारे आभासी पैसे खऱ्या पैशांनी विकत मिळतात, आणि 2022 मध्ये शर्यतींतून मिळणारी बक्षिसे एकाएकी कमी केल्यावर खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की निर्मात्यांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. धंदा तो धंदाच. शिवाय ड्रिफ्टच्या बाबतीत बहुतेक व्हिडिओ गेम एक गोड खोटे सांगत आले आहेत. नाम्कोच्या 1993च्या ‘रिज रेसर’पासून आडवी गाडी ही जणू वळणातून निघण्याची सर्वांत वेगवान रीत, असे दाखवण्याचा प्रघात पडला. मातीवर, बर्फावर घसरण्याला काही उपयोग असतो. सुक्या डांबरावर घसरणारा टायर म्हणजे बव्हंशी वाया गेलेली शक्ती. रंजनवादी कादंबरीत जसे नायकाचे देखणेपण आणि त्याचा सद्गुण एकच असतात, तसे या खेळांत सौंदर्य आणि वेग एकच असतात. ग्रॅन टुरिस्मो तसे करत नाही, हे तिचे वास्तववादी ऋण आम्ही मान्य करतो. शैलीची किंमत ती घड्याळात वसूल करते.

मात्र तीही गुण देते, आणि तिथे आमचा तिच्याशी वाद आहे. ड्रिफ्टच्या कसोटीत गाडीचा कोन, वेग आणि सातत्य यांवरून पडद्यावर आकडा चढत जातो. एका संध्याकाळी आमच्या नावावर तोवरचा सर्वांत मोठा आकडा लागला. आम्ही विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिले. त्याने काही न बोलता त्या फेरीची चित्रफीत लावली. बाहेरून पाहिली तर गाडी मासळीसारखी तडफडत होती. मग त्याने स्वतःची, निम्म्या गुणांची एक फेरी दाखवली. एकाच हालचालीत गाडी वळणात आली, आतल्या कडेला नाक चाटून गेली आणि सरळ झाली. दोन्हींतली चांगली कोणती हे सांगायला एम.ए. लागत नाही. यंत्राला मात्र ते दिसले नव्हते. प्रत्यक्षातल्या ड्रिफ्ट स्पर्धा, जपानची डी-1 ग्रांप्री किंवा 2004 पासूनची अमेरिकेतली फॉर्म्युला ड्रिफ्ट, घड्याळावर चालत नाहीत. तिथे परीक्षक बसतात. रेषा, कोन, शैली पाहतात. त्यांच्या निर्णयांवरून भांडणे होतात. ती भांडणे आम्हांला प्रकृतीची खूण वाटतात. जिथे शैलीविषयी कुणीच भांडत नाही तिथे बहुधा शैली उरलेली नसते. आमच्या केंद्रीय मूल्यमापनात आम्ही एका दिवसात ठरावीक उत्तरपत्रिका संपवतो आणि मुद्द्यांना गुण देतो: मुद्दा आला, एक, उदाहरण आले, एक. तडफडणारी मासळी आमच्याकडूनही पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. आकडा सगळ्यांना सोयीचा असतो, कारण आकड्यामागे कुणी पाहिले होते की नाही, हे विचारावे लागत नाही.

आता जे सांगायचे होते ते. 2019च्या जुलैत एका चर्चासत्रासाठी आम्ही दोघे कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाट उतरताना, साखरप्याच्या अलीकडे, पावसात वरून वाहून आलेल्या चिखलावर गाडी मागून सरकली, अर्धी फिरली आणि कठड्याला जाऊन भिडली. कठड्याचे दगड खाली गेले, गाडी राहिली. एकाच्या खांद्याला मुका मार, दुसऱ्याला काही नाही. चर्चासत्रात आम्ही निबंधही वाचले. पण त्या दिवसापासून आमच्यातल्या गाडी चालवणाऱ्याने घाटात गाडी चालवणे सोडले, आणि शेजारी बसलेल्याने त्याविषयी कधी विचारले नाही. न विचारण्याचे कारण त्याने सौजन्य असे समजून घेतले होते. खरे कारण असे की, चूक कुणाची होती याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

खेळाच्या दहाव्या-बाराव्या दिवशी ही हकीकत मुलाला सांगितली गेली. तो सहज म्हणाला, ‘‘गाडी सरकल्यावर तुम्ही ब्रेक दाबला असणार. उतारावर आधीच भार पुढे असतो, ब्रेकने आणखी पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. मग ती फिरणारच.’’ गाडी चालवणारा गप्प राहिला. आपली गाडी पुढच्या चाकांनी चालणारी, तिला असले काही लागू नसावे, असे काहीतरी तो पुटपुटला; ते चुकीचे होते हे त्यालाही ठाऊक होते.

शेजारी बसणाऱ्याने कंट्रोलर घेतला. त्या वेळेपर्यंत तो बरा खेळू लागला होता, पण एक खोड जात नव्हती. पडद्याच्या खालच्या बाजूला ब्रेक किती दाबला आहे ते दाखवणारा पट्टा असतो, तिकडे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष ठेवले. गाडी सरकली. पट्टा भरला. पुन्हा केले, सरकली, पट्टा भरला. आपण ब्रेक दाबत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बोट त्याला न विचारता दाबत होते. पावसाचा, दरीचा, शेजाऱ्याच्या जिवाचा काहीही प्रश्न नसताना, सोफ्यावर बसून, चहा समोर असताना.

‘‘त्या दिवशी मी चालवत असतो तरी कठडाच होता,’’ तो म्हणाला. साडेपाच-सहा वर्षांत त्या अपघाताविषयी आमच्यात झालेले हे पहिले वाक्य.

या खेळामुळे आम्ही घाटात गाडी सराईतपणे चालवू लागलो असे कुणी समजू नये. अंगठ्याचे शिक्षण घाटात उतरेल अशी आशा आम्ही बाळगत नाही, आणि रस्त्यावर ड्रिफ्ट करू पाहणाऱ्यांना तर दोन थोबाडीत द्याव्यात अशा मताचे आम्ही आहोत. गेल्या महिन्यात रत्नागिरीला पुन्हा जाणे झाले ते एसटीने. मुलगा एम-थ्रीला तिसऱ्यांदा बसला आहे. निकाल लागायचा आहे. घाटात त्या वळणावर एसटी आली तेव्हा आम्ही दोघेही एकाच खिडकीतून बाहेर पाहू लागलो. कठडा पुन्हा बांधला आहे. नवे दगड जुन्यांपेक्षा उजळ आहेत, त्यामुळे जागा लगेच ओळखू येते.